डेकलवर आळ, दोष रंगाचा: एका पहिल्याच वॅग-९ ची केस

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून इंजिनाच्या मॉडेलवर चिकटवायची छापील पातळ फिल्म, नीट बसलं नाही की शिव्या आधी डेकलला पडतात, मग डेकल पेपरला, मग प्रिंटरला, आणि मग माणूस ऑनलाइन जाऊन अजून एक महागडी बाटली मागवतो. ही केस जरा सविस्तर लिहितोय कारण ह्यात डेकलचा दोष जेमतेम होता. जे बिघडलं ते डेकल पाण्यात बुडवायच्या कितीतरी आधी, अस्तर (प्रायमर) आणि रंगाच्या वेळेलाच बिघडून बसलं होतं, डेकलने फक्त ते चव्हाट्यावर आणलं.

मॉडेल माझ्या भाच्याचं. नागपूरचा पोरगा, अजनीजवळ लहानाचा मोठा झालेला, आता नोकरीला पुण्यात. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे आला की कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियमला न्यायलाच लागायचं आणि तिथून बाहेर काढताना रडारड, तर हा आता कमवायला लागल्यावर ह्याने काय केलं तर एचओ स्केलमधली (खऱ्याच्या १:८७) वॅग-९ इंजिनाची बॉडी मागवली. रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेली, बिनरंगाची, करडी. आत घालायला सहा ॲक्सलच्या एका अमेरिकन डिझेलची चालू चेसिस सेकंडहँड मिळवली. रंगाचा अनुभव म्हणाल तर शून्य, गणपतीच्या मखराला स्प्रे मारला होता तेवढाच. आणि शेड, म्हणजे इंजिन ज्या लोको शेडचं असतं आणि जिचं नाव त्यावर लिहिलेलं असतं ती, नागपूरची अजनीच हवी, त्यात तडजोड नाही.

ज्यांना हे इंजिन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, वॅग-९ म्हणजे सुमारे ६००० हॉर्सपॉवरचं थ्री-फेज मालगाडीचं इंजिन, तंत्रज्ञान एबीबीचं, पहिली इंजिनं १९९६ च्या सुमारास बाहेरून आली आणि १९९८ पासून चित्तरंजनला बनायला लागली. लांबी साधारण २०.५६ मीटर, एचओ म्हणजे १:८७, म्हणजे मॉडेल भरतं २३६ मिलिमीटर. (गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, मात्र विचारू नका, आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर म्हणजे एचओमध्ये १९.३ यायला हवा, पण बाजारात मिळणारा सगळा ट्रॅक १६.५ चा, कारण तो १४३५ च्या स्टँडर्ड गेजच्या हिशोबाने बनलेला. त्यामुळे आपलं कुठलंही एचओ इंजिन समोरून बघितलं की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. ह्यावर लोक तासन्तास भांडतात, आपण सोडून देऊ.) लिव्हरी, म्हणजे इंजिनाची रंगसंगती, हिरवी आणि आडवा क्रीम पट्टा. दोनच रंग, म्हणून नवशिके हीच लिव्हरी उचलतात आणि इथेच फसतात, कारण दोनच रंग असले की बघणाऱ्याची नजर थेट त्या दोघांमधल्या रेघेवर जाते. पट्टा एक मिलिमीटर सरकला तर खऱ्या इंजिनावर ८७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेतीन इंच सरकला असा हिशोब आहे.

तर जुलै संपता संपता हा बॉडी डब्यात घालून घरी घेऊन आला. "मामा, डेकल पेपर बकवास निघाला, दुसरा कुठला घेऊ सांग." मी म्हटलं आधी दाखव तर खरं.

खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरून बघितलं. हे तिरप्या उजेडाचं विसरू नका, ट्यूबलाइटखाली सगळीच मॉडेल्स चांगली दिसतात. पट्ट्यावर गाडीनंबर होता, त्या नंबराभोवती चंदेरी-पांढरट चौकोन दिसत होता, म्हणजे पारदर्शक फिल्म पारदर्शक न दिसता अभ्रकासारखी चमकत होती. नंबराच्या डेकलची खालची कड पट्ट्यावरून हिरव्यावर उतरत होती आणि तिथे ती चिकटलेलीच नव्हती, खाली पोकळी होती, सुईने दाबलं की टिक टिक वाजायचं. केबिनच्या खिडकीखाली शेडचं नाव क्रीम रंगात हवं होतं, तिथे काहीतरी डाग पडल्यासारखं दिसत होतं, वाचता येत नव्हतं. आणि छतावर एका टोकाला दुधी ढग. ह्या शेवटच्या गोष्टीचा आणि डेकलचा काही संबंध नाही पण ती पण केसमध्ये आहेच म्हणून लिहितो.

मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, काय केलं, कुठल्या क्रमाने केलं, कशाने केलं. डॉक्टरकडे गेल्यावर पेशंट जसं "काही नाही हो थोडा ताप" म्हणतो तसं ह्याचं पण आधी "काही नाही रे, प्रायमर मारला, रंग मारला, डेकल लावलं" एवढंच. खोदून विचारल्यावर खरी हकीगत आली.

बॉडी धुतलीच नव्हती. पाकिटातून काढली आणि थेट अस्तर. रेझिन प्रिंटवर बनवणाऱ्याने धुऊन यूव्हीमध्ये पक्की केली असेल तरी कोपऱ्यात, जाळ्यांच्या खाचांमध्ये चिकट रेझिन राहू शकतं आणि वर आपल्या बोटांचं तेल असतंच. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवणं, ह्याच्याशिवाय पुढे जायचंच नाही. ह्याच्या नशिबाने रंग उडाला नव्हता, फक्त एका कोपऱ्यात पोपडा सुटायला लागला होता.

प्रिंटच्या रेघा घोटल्या नव्हत्या. चांगल्या रेझिन प्रिंटचा एक थर ०.०५ मिलिमीटरचा असतो, सपाट बाजूवर तो हाताला लागत पण नाही, पण केबिनचा तोंडाकडचा भाग जिथे तिरका होतो तिथे पायऱ्या दिसतात आणि त्यावर चकचकीत काही मारलं की अजूनच दिसतात. आपल्याकडे भिंत रंगवणारे पेंटरसुद्धा लांबी (पुट्टी) भरून घोटल्याशिवाय पहिला हात मारत नाहीत, आणि इथे २३६ मिलिमीटरच्या वस्तूवर आपण तेच टाळतो. मिस्टर सरफेसर १००० सारखं जाडसर अस्तर मारायचं, वाळलं की ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून हलक्या हाताने घोटायचं, परत अस्तर, परत १००० ने घोटायचं. कंटाळवाणं काम आहे, सीरियल लावून बसायचं.

मग आला रंग. आणि ह्या केसचा गाभा इथे आहे. ह्याने हार्डवेअरच्या दुकानातून दोन स्प्रे कॅन आणले, हिरवा आणि क्रीम. आधी पूर्ण बॉडी हिरवी केली. मग टेप लावून पट्ट्याची जागा मोकळी ठेवली आणि हिरव्यावर क्रीम मारलं. क्रीम झाकेना, खालचा हिरवा दिसायला लागला, मग अजून एक हात, अजून एक हात, शेवटी झाकलं तेव्हा टेप काढली. आता विचार करा, टेपच्या कडेला प्रत्येक हाताचा रंग येऊन साठतो, आणि हार्डवेअरच्या कॅनचं नोझल मुळात ग्रिल आणि गेट रंगवायला बनलेलं, ते रंग भसाभस फेकतं. टेप काढल्यावर पट्ट्याच्या दोन्ही कडांना रंगाचा बांध उभा राहिला. ०.१ मिलिमीटरचा जरी धरला तरी १:८७ मध्ये तो खऱ्या इंजिनावरचा जवळजवळ ९ मिलिमीटरचा बांध झाला. पट्ट्याची वरची कड काही ठिकाणी करवतीसारखी दातेरी पण झाली होती कारण रंग पूर्ण वाळल्यावर टेप सरळ वर खेचून काढली.

आणि ह्याच बांधावरून डेकलची फिल्म खाली हिरव्यावर उतरवली होती! डेकलची फिल्म काही मायक्रॉनची, ती बांधाच्या माथ्यावर टेकते आणि पलीकडे खाली पोचतच नाही, मधे हवा राहते. नंबराच्या अगदी जवळून कापलं असतं तर फिल्म बांधापर्यंत पोचलीच नसती, पण नवीन माणूस कात्रीने ऐसपैस चौकोन कापतो, हातात धरायला सोपा पडतो म्हणून.

चंदेरी चौकोनाचं कारण वेगळं. रंग झाल्यावर ह्याने सगळ्यावर मॅट वार्निश मारलं होतं. का, तर "खरं इंजिन काय चकचकीत असतं का मामा?" मुद्दा बरोबर आहे पण क्रम उलटा. मॅट पृष्ठभाग मॅट दिसतो तोच मुळी खडबडीत असतो म्हणून, अगदी बारीक खड्डे असतात त्यात, उजेड विखुरतो. त्यावर डेकल ठेवलं की फिल्म खड्ड्यांच्या माथ्यांवर टेकते आणि खड्ड्यात हवा अडकते, ती हवा उजेड परत फेकते आणि तोच आपल्याला चंदेरी दिसतो. ह्यालाच सिल्व्हरिंग म्हणतात. म्हणून डेकलच्या आधी ग्लॉस, डेकलच्या नंतर मॅट किंवा सॅटिन. सगळं मॉडेलिंग ह्या एका क्रमावर उभं आहे म्हटलं तरी चालेल, आणि कॅनवर किंवा डेकलच्या पाकिटावर हे सहसा छापलेलं नसतं.

शेडचं नाव न दिसण्याचं कारण मात्र डेकलचंच. त्याने ते घरच्या इंकजेटवर पारदर्शक डेकल पेपरवर छापलं होतं. घरच्या इंकजेटमध्ये पांढरी शाई नसते. आपण कागदावर छापतो तेव्हा पांढरा रंग म्हणजे कोरा कागदच, आणि क्रीम म्हणजे कोऱ्या कागदावर पिवळ्याचे तुरळक थेंब. तेच पारदर्शक फिल्मवर छापून हिरव्यावर चिकटवलं की खालचा हिरवाच वर येणार. पट्ट्यावरचा नंबर गडद होता म्हणून दिसला, हिरव्यावरचं क्रीम नाव बुडालं. शिवाय आकार बघा. खऱ्या इंजिनावर ६० मिलिमीटर उंचीचं अक्षर धरलं तर एचओमध्ये ते ०.७ मिलिमीटरसुद्धा नाही. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरले तर, एक ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा, म्हणजे सगळी उंची सोळा-सतरा ठिपक्यांत बसवायची, त्यात इंग्रजी कॅपिटल अक्षर आरामात बसतं पण "अजनी" लिहायचं तर शिरोरेषा, वर वेलांटी, आणि मग उरलेल्या जागेत न आणि ज ची गाठ, सगळं मिळून काळा ठिपका. देवनागरीला ठसठशीत, कमी वळणांचा फॉन्ट लागतो आणि उंची थोडी वाढवून घ्यावी लागते, स्केलशी थोडी लबाडी करून. अंतरावरून बघताना वाचता आलं पाहिजे हे महत्त्वाचं, मायक्रोमीटर लावून कोण बघतंय.

छतावरचा ढग म्हणजे ब्लशिंग. जुलै, बाल्कनी, बाहेर पाऊस, आणि लॅकर बेसचं वार्निश. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि वाळणाऱ्या थरात अडकते. पुण्यात जुलैत आर्द्रता ऐंशीच्या वर सहज जाते, मुंबई-कोकणात तर विचारूच नका. पावसाळ्यात वार्निश मारायचंच असेल तर कोरडी खोली, उघडिपीची दुपार, आणि पातळ पातळ हात. कॅन गार असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा, कोमट म्हणतोय, गॅसजवळ नेलात तर मॉडेल राहील बाजूला. आणि मास्क लावताना कोविडचे उरलेले एन९५ वापरू नका, त्याने धूळ अडते, थिनरची वाफ अडत नाही, त्याला कार्ट्रिजवाला मास्क लागतो.

आता उपाय. पहिला विचार सगळं उतरवून कोरं करायचा होता, पण रेझिन बॉडी थिनरमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवणं म्हणजे जुगार आहे, काही रेझिन फुगतात, पातळ कडा वाकतात, तडे जातात. आणि पोराचा पहिलाच प्रयत्न, सगळं पुसून टाकलं तर शिकणार काय? म्हणून ठरवलं की डावी बाजू आहे तशी ठेवून वाचवता येते तेवढी वाचवायची आणि उजवी बाजू नीट क्रमाने परत करायची. इंजिनाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कुणाला दिसत नाहीत, हा ह्या छंदातला मोठा दिलासा आहे.

डावी बाजू. डेकलच्या ज्या जागा चंदेरी होत्या तिथे बारीक सुईच्या टोकाने जवळजवळ टोचे मारले, ओरखडे नाही, टोचे. मग वरून मायक्रो सोल, लाल लेबलवाली बाटली, ब्रशने एक थेंब. हे द्रावण फिल्म मऊ करतं आणि ती खालच्या खाचाखोचांत उतरते. आणि इथे भाच्याचा जीव वर आला, कारण डेकल भिजलेल्या पापडासारखं सुरकुतलं आणि तो बोट लावायला गेला. हात धरला त्याचा. सुरकुतणं हे अपेक्षित आहे, त्याला हात लावायचा नाही, फुंकर पण नाही, तासाभराने आपोआप खाली बसतं. घरी छापलेल्या डेकलचं एक जास्तीचं लफडं असतं, त्याच्या फिल्मवर आपण मारलेल्या क्लिअर स्प्रेचा थर असतो, त्यामुळे एखाद्या क्लिअरला सोल काहीच करत नाही आणि एखादा विरघळून जातो, म्हणून आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघितलं. रोज रात्री परत टोचे, परत सोल. बारीक आकडे खूपच सुधारले, मोठा चौकोन कमी झाला पण गेला नाही, आणि बांधावरची पोकळी जशीच्या तशी. ती जाणारच नव्हती. सोलने फिल्म कितीही मऊ झाली तरी ९ मिलिमीटरच्या हिशोबाचा कडा ती कशी उतरणार? तिथे शेवटी ब्लेडने बांधाच्या कडेने फिल्म कापली, लोंबणारा भाग चिमट्याने काढून टाकला आणि कापल्या जागी ग्लॉसचा एक बारीक टिपका दिला. लांबून चालतं. छतावरचा ढग मात्र मजेत गेला, एका कोरड्या दुपारी लेव्हलिंग थिनरचा (सावकाश उडणारं थिनर) नुसता तुषार मारला, वरचा थर थोडा सैल झाला, वाफ सुटली, छत परत हिरवं.

उजवी बाजू. वाळलेलं डेकल काढायला सेलोटेप चिकटवून झटकन ओढली, बरंचसं निघालं, उरलेलं ओल्या कापसाने. मग १००० आणि २००० च्या वॉटर पेपरने मॅट थर आणि तो बांध घोटून सपाट केला. बोट फिरवून कड लागत नाही इथपर्यंत. ह्यात काही ठिकाणी अस्तर दिसायला लागलं, दिसू दे.

पुढे जायच्या आधी एक चाचणी केली जी सगळ्यांनी करावी. खालचा रंग नक्की कशाचा आहे हे कॅनवर धड लिहिलेलं नव्हतं, आणि सिंथेटिक एनॅमलवर लॅकर मारलं तर लॅकरचं थिनर खालच्या एनॅमलला उचलतं आणि सगळं सुरकुत्या पडून वर येतं. म्हणून बॉडीच्या आतल्या बाजूला, जिथे स्प्रे उडाला होता, तिथे आपण वापरणार ते मारून एक रात्र ठेवलं. काही झालं नाही, मग तामिया कंपनीचे ॲक्रिलिक रंग घेऊन पुढे गेलो.

ह्या वेळी क्रम सुलटा. संपूर्ण बाजूला पांढरटसर अस्तर, मग आधी क्रीम, फक्त पट्टा जिथे येणार तिथे आणि थोडं वर-खाली. फिकट रंग आधी, गडद नंतर, कारण गडद रंग फिकटावर एका-दोन हातात झाकतो आणि फिकट रंग गडदावर झाकायला पाच हात लागतात, ह्या एका गोष्टीने बांधाचा निम्मा प्रश्न सुटतो. एअरब्रश माझा, ०.३ नोझल, १५ ते २० पीएसआयच्या मधे. रंग किती पातळ, तर कपाच्या आतल्या कडेला ब्रशने वर ओढला की सरसर खाली उतरावा आणि मागे पुसट थर राहावा. पहिल्यांदा तो ट्रिगर धरून एकाच जागी थांबला, ओघळ आला, तो वाळवून घोटला. हात सुरू झाल्यावर रंग सोडायचा आणि हात थांबायच्या आधी रंग बंद करायचा, बॉडीच्या बाहेर सुरू आणि बॉडीच्या बाहेर बंद, हे एखाद्या रिकाम्या बाटलीवर दहा मिनिटं केलं की हाताला बसतं.

क्रीम वाळलं की नाही हे नाकाने कळतं, जवळ नेऊन वास आला तर वाळलेलं नाही, मग दिसायला कितीही कोरडं असो. वास गेल्यावर पट्ट्यावर पिवळी काबुकी टेप. ही टेप स्टेशनरीतल्या मास्किंग टेपपेक्षा पातळ असते आणि कड सरळ असते, तरी पण रोलची बाहेरची कड धुळीने खराब झालेली असते म्हणून काचेवर चिकटवून नवीन ब्लेडने स्टीलच्या पट्टीला धरून एक कड ताजी कापली आणि तीच वापरली. पट्ट्याची उंची दोन्ही टोकांना आणि मधे कार्डाच्या गेजने मोजली, डोळ्याने नाही. जाळी, दरवाजाची कड, हँडरेलची भोकं, जिथे टेप उंचवट्यावरून जाते तिथे टूथपिकने दाबून बसवली. आणि मग टेपच्या कडेवरून आधी क्रीमचाच एक पातळ हात. म्हणजे टेपखाली काही घुसायचंच असेल तर क्रीम घुसेल, खाली क्रीमच आहे, दिसणार नाही, आणि फट बुजून जाईल. त्यानंतर हिरवा. भाच्याला ही युक्ती इतकी आवडली की त्याने ऑफिसमध्ये जाऊन सांगितली.

हिरवा कुठला, ह्यावर खूप वाद घालता येतो. खरं इंजिन पीओएचमधून (ठराविक काळाने होणारी मोठी दुरुस्ती) बाहेर पडलं की एक हिरवा, दोन उन्हाळे नागपूरच्या उन्हात काढले की दुसरा, आणि लहान मॉडेलवर कुठलाही रंग खऱ्यापेक्षा गडद वाटतो, म्हणून आम्ही त्यात थोडा पांढरा टाकून एक पायरी फिका केला. टेप हिरवा पूर्ण कडक व्हायच्या आधी काढली, वर न खेचता मागे स्वतःवरच दुमडत, अगदी सावकाश. रेघ स्वच्छ आली. पोरगा पाच मिनिटं काही बोललाच नाही, मग आईला व्हिडिओ कॉल.

ग्लॉस म्हणून तामियाचंच एक्स-२२ क्लिअर लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ करून, दोन हात, आणि दोन दिवस झाकून ठेवून दिलं, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

डेकल परत छापली. इंकजेट डेकलवर क्लिअर स्प्रेचे दोन-तीन हलके हात मारल्याशिवाय ती पाण्यात घालायचीच नाहीत, शाई वाहून जाते. नंबर कापताना अक्षराला जवळजवळ चिकटून, नवीन ब्लेडने. साधं बोअरचं पाणी वापरलं की वाळल्यावर क्षारांचे डाग राहतात म्हणून आरओचं पाणी, कोमट. दहा-पंधरा सेकंद बुडवून बाहेर काढायचं आणि टिश्यूवर मिनिटभर ठेवायचं, पाण्यातच तरंगत सुटेपर्यंत ठेवलं तर गोंद धुऊन जातो. जागेवर आधी मायक्रो सेट, म्हणजे डेकल नीट चिकटायला मदत करणारं द्रावण, निळ्या लेबलवाली बाटली, व्हिनेगरसारखा वास येतो, मग डेकल कागदासकट जागेजवळ नेऊन ओल्या ब्रशने कागदावरून सरकवून जागेवर. सरळ करून घ्यायला वेळ असतो, पण ग्लॉसवरच, मॅटवर ते जिथल्या तिथे अडतं. मधून कडेकडे कापसाच्या काडीने पाणी काढायचं, दाबून नाही, लोळवून. नंतर सोलचा एक हात. चंदेरी काहीच आलं नाही. तोच पेपर, तोच प्रिंटर, तीच शाई. "मग पेपर बकवास नव्हता तर," एवढं बोलला.

शेडच्या नावाचं काय केलं ते सांगतो. पांढऱ्या डेकल पेपरवर भोवती हिरवा छापून बघितला, तो हिरवा आपल्या हिरव्याशी जन्मात जुळत नाही, वेगळी पट्टी दिसते. पांढऱ्या टोनरवर छापून देणारे लोक आहेत पण एका नावासाठी पूर्ण शीट काढून घेणं परवडत नाही. मग मोठी अक्षरं होती त्यांच्यासाठी चौकातल्या रेडियमवाल्याकडून व्हायनलचं मास्क, म्हणजे अक्षरांच्या आकाराचं स्टेन्सिल, कापून घेतलं, तो बाइकच्या नंबरप्लेटच्या मशीनवर कापतो. चार-पाच मिलिमीटरच्या खाली त्याच्या मशीनचं ब्लेड अक्षर फाडतं, त्यामुळे फक्त मोठ्यांसाठीच. व्हायनलचा गोंद जबरी असतो, आधी जीन्सवर दोनदा चिकटवून त्याचा जोर कमी केला, नाहीतर काढताना रंगच घेऊन आला असता. छोटं "अजनी" मात्र दुसऱ्या मार्गाने केलं, क्रीमचा लहानसा आयत रंगवून त्यावर गडद अक्षरांचं डेकल. खऱ्या इंजिनावर असं आहे का, तर नाही. त्याला ते चालतं का, तर सध्या चालतंय.

शेवटी सॅटिन. पहिला हात नुसता तुषार, कारण लॅकर क्लिअर एकदम ओला मारला तर इंकजेटची शाई पसरते. मग खिडक्यांच्या काचा, छतावरचा वीज घेणारा पँटोग्राफ, आणि चेसिसवर बॉडी. काचा आणि पँटो रंगाच्या आधीच काढून ठेवले होते म्हणून बरं, आणि चेसिसवर रंगाचा कणही जाऊ दिला नव्हता, चाकाच्या टायरवर रंग बसला की करंट मिळत नाही आणि मग माणूस मोटर उघडून बसतो.

डावी बाजू आता बरी आहे, उजवी चांगली आहे, फोटो अर्थातच उजवीचे टाकतो. डावीकडचा पट्टा दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की घोटून परत करायचा म्हणतोय. दरम्यान वॅप-७ ची, म्हणजे प्रवासी गाड्यांच्या इंजिनाची, बॉडी येऊन पडली आहे, ह्या वेळी धुऊन वाळत घातलेला फोटो आधी आला. डेकल शीटवर प्रत्येक नंबर चार-चार वेळा छापायला सांगितलंय, कापताना १ चा आकडा कुठे उडून जातो ते कळतच नाही.